हायफाँगच्या खेकड्यांच्या शेवया

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी मी फ्रेंचांच्या ताब्यातल्या हिंदी-चीन देशात जाऊन आलो. वाशीमहून तिथवर पोचलेला माझ्या माहितीतला मीच पहिला. म्हणजे खरं तर आम्ही दोघं पहिले. पण हे 'दोघं' मी बरीच वर्षं गाळत आलो आहे. बालाजीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी या प्रवासाचं वर्णन इतक्या वेळा केलं आहे, की ऐकणाऱ्यांना आता बोटीला मजले किती तेही पाठ आहे. समुद्र, उडते मासे, छत्र्या घेतलेल्या मडमा, सगळं मी रंगवून सांगतो. एका सकाळचं तेवढं सांगत नाही. ते इथे लिहितो. तोंडानं सांगायची माझी छाती नाही.

कशासाठी गेलो

वाशीमला आमच्या शेठजींची जीन-प्रेस होती. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी दाबायच्या आणि मुंबईमार्फत परदेशी धाडायच्या. मी तिथे रुई पारखायला होतो. आम्ही देशमुख, भावाभावांच्या वाटण्यांत जमिनी पाव झाल्या होत्या, तोरा मात्र अख्खा शिल्लक होता. अशात हायफाँग बंदरातल्या एका सूतगिरणीचं पत्र आलं, की तुमच्या गाठी ओल्या निघाल्या, वजन वाढवायला तुम्ही पाणी मारलंत, यापुढे वऱ्हाडची रुई नको. शेठजींचं अन्नावरचं लक्ष उडालं. जाणकार माणूस पाठवून खरं-खोटं करायचं ठरलं. इंग्रजी येतं म्हणून मी निघालो, आणि गाठीतलं खरोखर कळतं म्हणून किसन.

किसन प्रेसवरचा सगळ्यात जुना माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तरुणपणी जीनच्या रोलरनं नेली होती आणि मनगटापर्यंतची कातडी पांढुरकी, चकचकीत झाली होती. उरलेल्या तीन बोटांत रुईचा पुंजका धरून तो असा ओढायचा, की तंतू किती लांब ते न मोजता सांगायचा. तो महार होता. मी त्याला "अरे किसना" म्हणायचो, तो मला "बापूसायब". आमच्या घरी तो निरोप घेऊन आला तर ओट्याखाली उभा राहायचा. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू, त्यावर मी कधी विचारच केला नव्हता.

बोटीवर

बोटीवरचे दिवस मी इथे गाळतो. पहिले चार ओकण्यात गेले आणि बाकीचे पत्ते कुटण्यात. सांगायचं एवढंच, की डेकवर आमच्या शेगड्या दोन होत्या. माझी जिन्यापाशी, किसनची पार त्या टोकाला. त्यानं भाकरी थापल्या की वास माझ्यापर्यंत यायचा आणि माझ्या भाताची चव जायची. पाण्याचा नळ मात्र सगळ्या डेकला एकच होता. त्याबद्दल मी विचार न करायचं ठरवलं होतं. समुद्रावर चालतं, अशी मी माझी समजूत घातली, आणि ती समजूत नळापुरतीच ठेवली.

हायफाँग

हायफाँगला आमची उतरायची सोय कासीमभाईंकडे होती. हे पाँडिचेरीकडचे तमिळ मुसलमान, बंदरात कापडाचं दुकान, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलणारे, दिलदार. गाव नदीच्या मुखाशी, सपाट आणि चिखलाचं. आमच्या वाशीमच्या माळावरून गेलेल्या माणसाला वाटावं, की इथे कुणी तरी जमीन पाण्यात भिजत घातली आहे. बायका खांद्यावर कावड घेऊन धावत्या पावलांनी जातात. म्हाताऱ्या बायकांचे दात काळेभोर. आपल्याकडे दातवण लावून दात काळे होतात ना, तसे. पण तिथे ते मुद्दाम रंगवतात आणि मिरवतात. मला एकदम आमची आत्या आठवली आणि परका मुलूख जरा आपला वाटला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो. गोऱ्या साहेबानं गोदामात आमच्या गाठी रांगेनं मांडून ठेवल्या होत्या, पंचनाम्याला प्रेतं ठेवावीत तशा. मी इंग्रजीत लांबलचक भाषण सुरू केलं. किसन तोवर गाठीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं पट्ट्या सैल करून घेतल्या, कोपरापर्यंत हात आत घातला, गाभ्यातली रुई काढली, मग वरची काढली, आणि दोन्ही जिभेला लावून पाहिल्या.

"बापूसायब, भाषन राहू द्या," तो म्हणाला. "आतली कोरडी ठन्न हाये. वरची खारी लागून राह्यली. आपल्या वाशीमचं पानी कधी खारं व्हतं का? हे समुद्राचं पानी हाये. जहाजात शिरलं."

मी ते साहेबाला सांगितलं. साहेबानं किसनच्या हातातलाच पुंजका घेतला, जिभेला लावला आणि मान हलवली. शेठजींची अब्रू वाचली, वऱ्हाडच्या रुईची वाचली, माझी नोकरी वाचली. साहेबानं हात पुढे केला तो आधी किसनपुढे. माझ्यापुढे नंतर. तेव्हा ते मला लागलं होतं, हेही सांगून टाकतो.

ती सकाळ

संध्याकाळी कासीमभाईंना हकीकत सांगितली तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "कल सुबह बाजार के नुक्कड पे जाओ. वो बुढिया का दुकान. केकडे का सेवई. सारा हायफाँग वहीं खाता है. इस आदमी को पेटभर खिलाओ, देशमुखसाब, इसने आपका नाक रखा."

खेकडे म्हटल्यावर किसनचा चेहरा खुलला. आमच्याकडे नाल्यातले खेकडे पकडून त्याचा झणझणीत रस्सा करतात, तो त्याच्या वस्तीत फार. देशमुखांच्या घरात खेकडा शिजत नाही, पण लहानपणी मी तो गड्याच्या घरामागे चोरून खाल्ला होता. सकाळी आम्ही निघालो तेव्हा मी मोठ्या मनानं त्याला खिलवायला चाललो होतो. मनात आणखी काही नव्हतं. कुठे आणि कसं बसायचं, याचा विचार दुकान समोर येईपर्यंत आला नाही.

दुकान कसलं, सताड उघड्या दाराची एक पडवी होती. पुढे माणूस बसेल एवढा मोठा हंडा रटरटत होता. शेजारी दोन बायका दगडी उखळात शेतातले बारके खेकडे कवचासकट कुटत होत्या. ते कुटलेलं पाण्यात कालवून गाळायचं आणि ते पाणी मंद आचेवर ठेवायचं. दूध नासल्यावर चोथा वर येतो तसं खेकड्याचं मांस आपोआप वर तरंगून येतं. तांदळाच्या रुंद, तांबूस शेवया एका जाळीच्या पळीत घेऊन उकळीत बुडवायच्या, वाडग्यात टाकायच्या, वर ते मांस, तळलेला कांदा, कसला तरी हिरवा पाला आणि मग पळीभर कढत रस्सा. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका काडीवर गव्हाचे सरगुंडे वळतात, आमरसाशी खातात, त्याहून ह्या शेवया मऊ आणि निसटत्या. वास असा, की भूक खवळली.

आणि गर्दी! पाटाएवढी बुटकी स्टुलं, गुडघ्याएवढी टेबलं, खांद्याला खांदा लावून माणसं बसलेली. गोदीतला हमाल, कचेरीतला कारकून, कावड बाजूला ठेवलेली भाजीवाली, आणि त्यांच्यामध्ये रस्ते झाडणारा, त्याचा झाडू भिंतीला टेकवलेला. टेबलाच्या मध्यावर पाल्याची एक टोपली, लिंबाच्या फोडी, मिरच्या, मासे मुरवून काढलेल्या खारट पाण्याची एक वाटी. सगळे त्याच टोपलीत हात घालत होते. मी मनात म्हटलं, सगळंच उष्टं.

म्हातारी दुकानदारीण पुढे आली. डोक्याला काळं फडकं गुंडाळलेलं, दात रंगवलेले, चेहरा हसरा. आम्ही लांबून आलेले पाहुणे हे तिनं एका नजरेत ओळखलं. दोन माणसांना सरकायला लावून तिनं टेबलाशी दोन स्टुलं लावली, अगदी जवळजवळ. मग जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या घेतल्या, कागदानं नीट पुसल्या आणि दोन्ही हातांनी आम्हाला एकेक जोडी दिली. मोठ्या माणसाला आणि पाहुण्याला काड्या पुसून द्यायची तिथे रीत आहे. आधी तिनं किसनला दिली, कारण तो वयानं मोठा.

किसन स्टुलावर बसला. तिनं दोन वाफाळते वाडगे पुढे ठेवले. मी उभाच राहिलो.

तिथे वाशीमचं कोण होतं? कुणी नाही. मला कोण ओळखत होतं? तेही कुणी नाही. पण माझे गुडघे वाकेनात. मी किसनला म्हणालो, "किसना, तू तिकडं उंबऱ्याजवळ बस. इथं दाटी हाये."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वाडगा उचलला आणि दाराशी, गटाराच्या कडेला जाऊन जमिनीवर बसला. मी त्याच्या रिकाम्या स्टुलावर न बसता पलीकडच्या दुसऱ्या स्टुलावर बसलो.

म्हातारीला हे कळेना. ती एक स्टूल घेऊन किसनकडे निघाली. मी हातानं नको म्हटलं. तिनं पाल्याची टोपली उचलून त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतला, आणि तीच टोपली ती परत आमच्या टेबलावर ठेवायला लागली तेव्हा माझा हात आपोआप माझ्या वाडग्यावर झाकण झाला. तिनं माझा हात पाहिला. मग वळून किसनचा पाहिला. तीन बोटांत त्यानं काड्या छान धरल्या होत्या, मला जमत नव्हतं ते त्याला जमत होतं. पण तिनं पाहिली ती नसलेली दोन बोटं आणि ती पांढुरकी कातडी.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. माझ्याकडे येऊन तिनं हलकेच आपली दोन बोटं दुमडली, मनगटावर कातडी खाजवल्यासारखं केलं, आणि डोळ्यांनी विचारलं.

मला भाषा येत नव्हती, हे मी पुढे स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं. पण तिचा प्रश्न मला पुरता कळला होता. ती विचारत होती, ह्याला महारोग आहे का? सोबतचा माणूस जवळ बसत नाही, त्यानं हात लावलेलं घेत नाही, बोटं झडलेली. दुसरा अर्थ तिनं कुठून आणायचा? तिच्या देशात धडधाकट माणसाला असं दूर बसवत नाहीत.

मी मान खाली घातली.

एवढं तिला पुरलं. ती काही तरी बोलली आणि क्षणात दाराजवळची स्टुलं खरडली. भाजीवालीनं आपली कावड उचलली. झाडूवाला उठून आत सरकला. म्हातारी किसनसमोर गेली, दोन्ही हात जोडले, कमरेत वाकली आणि फडक्यानं धरून त्याचा अर्धवट खाल्लेला वाडगा काढून घेतला. ती त्याला ओरडली नाही, तिनं त्याला हाकललं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण दुकानात लोक जेवत होते आणि तिला त्यांची काळजी होती.

किसन उभा राहिला. त्यानं हात वर करून सगळ्यांना दाखवला, दुसऱ्या हातानं रोलर फिरतो तसं केलं, बोटं आत ओढली गेली तसं केलं. कुणी त्याच्याकडे धड पाहीना. मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"बापूसायब, तुमी या इकडं. माह्याजवळ बसा. येवढंच करा. त्याइले समजीन."

चार पावलांचं अंतर होतं. मी उठून त्याच्याशेजारी बसलो असतो, त्या टोपलीतला पाला उचलून तोंडात टाकला असता, तर एक शब्द न बोलता सगळं स्वच्छ झालं असतं. मला ते तेव्हाही दिसत होतं. मी बसून राहिलो. वाडग्यात पाहत राहिलो.

किसननं वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाला, "बरं," आणि निघून गेला.

आणि मी त्या शेवया खाल्ल्या. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. भूक होती, रस्सा गरम होता, आणि चव उत्तम होती. मी वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत प्यालो.

दुसऱ्या दिवशी

कासीमभाईंपासून काही लपलं नाही, बाजारात बोलणं झालंच होतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी किसनला हाताला धरून त्याच दुकानात नेलं. पुढचं मी त्यांच्याकडूनच ऐकलं. त्यांनी म्हातारीला यंत्राचं सांगितलं आणि किसनला मधल्या टेबलाशी बसवून स्वतः त्याच्या वाडग्यातला घास घेतला. म्हातारीनं सगळ्या गिऱ्हाइकांदेखत किसनची माफी मागितली, त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि तो पुरे म्हणेपर्यंत वाढत राहिली. मग तिनं कासीमभाईंना विचारलं, की असं होतं तर तो दुसरा माणूस जवळ का बसला नाही?

"मैं क्या बोलता?" कासीमभाई मला म्हणाले. "आप बताओ, क्या बोलना था?"

किसन परत आला तेव्हा मी ओसरीवर होतो. मी म्हटलं, "जेवलास?"

"जेवलो. आपल्या नाल्यातल्यासारकेच व्हते खेकडे," तो म्हणाला आणि सामान बांधायला गेला. परतीच्या बोटीवर त्यानं आपली शेगडी स्वतःहून त्या टोकाला मांडली.

घरी

शेठजींनी माझ्या गळ्यात हार घातला. किसनला एक धोतरजोडी दिली. मी सांगायला लागलो आणि लोक ऐकायला लागले, ते वर लिहिलंच आहे.

दोन-तीन महिने गेले असतील. माझ्या पुतणीचं लग्न ठरलं होतं. एक दिवस थोरल्या दादांनी मला ओट्यावर बोलावलं. भाऊबंद जमले होते, चेहरे काळवंडलेले. अंगणात किसन उभा होता.

दादा म्हणाले, "हा महारवाड्यात सांगत फिरते, का हायफाँगले बापूसायब माह्या मांडीले मांडी लावून जेवले. एका टोपलीतलं खाल्लं म्हने. व्याह्याच्या कानावर गेलं तर आपल्या पंगतीत कोन बसन? काय रे किसन्या, खरं का?"

किसन म्हणाला, "बापूसायबाले इचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. किसननं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही, तो जमिनीकडे पाहत होता. मला हो म्हणता आलं असतं. एक शब्द. लग्न मोडलं असतं, कदाचित नसतंही मोडलं. मी म्हणालो, "नाही. मी त्याच्याजवळ बसलो नव्हतो."

मी जन्मात इतकं खरं कधी बोललो नसेन, आणि इतकं हलकटही.

दादांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. कुणी तरी हसलं. किसननं हात जोडले, म्हणाला, "म्या खोटं सांगतलं, मालक. चुकलं," आणि गेला.

आठवड्यानंतर प्रेसमागे तो एकटा सापडला तेव्हा मी त्याला गाठलं. इकडेतिकडे पाहून घेतलं, आणि विचारलं, "तू असं काहून सांगितलंस?"

तो गाठीच्या पट्ट्या वळत होता. हात न थांबवता म्हणाला, "माह्या पोरीनं इचारलं, बाबा, तिकडं तरी कोनी तुमच्याजवळ बसून जेवलं का? म्या म्हनलं, हो, बसले. कासीमभाई बसले, ती बुढी बसली. तं पोरगी म्हने, ते तिकडचे झाले. आपल्या गावचं कोनी नाही का बसलं? मंग म्या तुमचं नाव घेतलं."

आता तिला काय सांगितलंस, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. कचेरीत कुणी तरी मला हाक मारत होतं, मी तिकडे गेलो.